हेडलाइट मंद आहेत, तक्रार केली तर परत येते: गाडीतल्या सेफ्टी दोषाची तक्रार नेमकी कशी करायची

हेडलाइट मंद, स्टिअरिंग मधेच जड होतं, एअरबॅगचा दिवा विझत नाही, चालू गाडीत पेट्रोलचा वास येतो, अशा तक्रारी घेऊन लोक वर्षभर इकडून तिकडे फिरतात आणि शेवटी कंटाळून सोडून देतात. ओळखीतल्या बऱ्याच जणांचे अर्ज मी शेजारी बसून भरून दिलेत, आणि जे अडकले ते दोष खोटा होता म्हणून नाही, कागद कच्चा होता म्हणून अडकले. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कुठे जायचं नाही ते सांगतो. पुण्यात संगम ब्रिजजवळच्या आरटीओत जाऊन रांग लावू नका, नोंदणी, ट्रान्सफर, पासिंग ही तिथली कामं, कंपनीकडून आलेल्या दोषासाठी तिथे खिडकी नाही. दुसरं म्हणजे वेताळ टेकडीवरचं एआरएआय, गाड्यांच्या चाचण्या करणारी संस्था. पुण्यात राहतो म्हणून सगळ्यांना वाटतं की गाडी घेऊन गेटवर गेलं की तपासून देतील, तसं नाही होत, मॉडेल बाजारात यायच्या आधीच्या चाचण्या हे त्यांचं मुख्य काम.

तक्रार करायची ती केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर, तिथे रिकॉलचा, म्हणजे दोष असलेल्या गाड्या परत बोलवण्याचा, वेगळा विभाग आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती होऊन कलम ११०-अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. एखाद्या मॉडेलमधल्या दोषामुळे चालवणाऱ्याला, आत बसलेल्यांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल तर सरकार कंपनीला त्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं, मग कंपनीने दुरुस्ती करायची, गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे. पण हे सगळं तक्रारींच्या संख्येवर चालतं. वर्षाला दहा हजारांच्या वर खपणाऱ्या कारसाठी हा आकडा १,२५० तक्रारींचा आहे, कमी खपणाऱ्या गाड्यांना कमी. म्हणजे तुमची एकट्याची तक्रार नोंदली आणि पुढच्या आठवड्यात कंपनीचा फोन आला असं होणार नाही, ती मोजणीत धरली जाते. याच मॉडेलच्या बाकीच्या मालकांनीही नोंदवायला पाहिजे. आणि बहुतेकांना हे पोर्टल आहे हेच माहीत नसतं, मराठीत एक पान छापून प्रत्येक शोरूमच्या काउंटरवर लावायला काय हरकत आहे हे मला खरंच कळत नाही.

कोण करू शकतं? गाडीचा मालक, आणि गाडीचं वय सात वर्षांच्या आत पाहिजे. मोजताना उगाच जोखीम नको, चॅसिस प्लेटवरचा उत्पादनाचा महिना धरून चाला, कारण डिसेंबरमधे बनलेली गाडी मार्चमधे नावावर झाली की लोक मार्चपासून मोजतात. एसी गार करत नाही, मायलेज कमी, म्युझिक सिस्टीम अडकते, हे यात बसत नाही, ते वॉरंटीचं.

आता जिथे सगळे अडकतात ते, जॉब कार्ड, म्हणजे गाडी सर्व्हिसला देताना तक्रार आणि काम लिहून मिळणारा कागद.

आमच्या विंगमधल्या एका काकांनी जुनी गाडी घेतली, मुलगी सासवडला असते म्हणून बोपदेव घाटातून कायम जाणं-येणं. मी एकदा रात्री बरोबर गेलो होतो, लो बीमवर डाव्या कडेची पांढरी पट्टी पुढे दोन-तीन गाड्यांच्या अंतरापर्यंत दिसायची आणि मग एकदम काळोख, वळणावर समोरून कोणी अप्पर मारला की तेवढंही दिसेना. काका तोपर्यंत तीनदा सर्व्हिस सेंटरला जाऊन आले होते. फाइल काढली तर तीन जॉब कार्डं, एकावर ‘जनरल चेकअप’, दुसऱ्यावर ‘लाइट चेक, ओके’ आणि तिसऱ्यावर फक्त वॉशिंग. ‘हेडलाइट मंद’ हे शब्द तिन्हीवर नाहीत! तोंडी त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं होतं, पण कागदाप्रमाणे त्या गाडीला कधी काही झालेलंच नव्हतं.

म्हणून कळकळीने सांगतो, सर्व्हिस ॲडव्हायजर टॅबवर टाइप करत असताना शेजारी उभे राहा आणि ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात तुमचंच वाक्य लिहायला लावा, ‘लो बीमवर उजेड कमी, रात्री घाटात रस्त्याची कड दिसत नाही, दोन्ही बाजू, तारीख अमुक, किलोमीटर तमुक’. ते म्हणतील की सिस्टीममधे असं लिहिता येत नाही, रेडीमेड कोड निवडावा लागतो, मग प्रिंटवर पेनाने लिहून त्यांची सही घ्या, तेही नको म्हणाले तर तिथेच उभं राहून तोच मजकूर कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा. गाडी परत घेताना ‘दोष आढळला नाही’ असं लिहून देत असतील तर तो कागदसुद्धा टाकून देऊ नका, तक्रार केल्याचा तोही पुरावाच आहे.

दुसरी गोष्ट, मंद म्हणजे किती मंद? नुसतं ‘लाइट कमी पडतो’ लिहून काही होत नाही. आधी काचेवरचा पिवळेपणा बघा, उन्हाने प्लास्टिकची काच पिवळी पडणं ही झीज आहे, घासून पॉलिश केली की फरक पडतो, ते दोषात धरत नाहीत. मग लेव्हलरची, म्हणजे हेडलाइटचा झोत वर-खाली करायची, चकती खाली फिरवलेली नाही ना ते बघा, मी दोन जणांचं इथेच निपटलेलं पाहिलंय. त्यानंतर ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून मल्टीमीटर लावून घ्या, इंजिन आणि लाइट चालू ठेवून एकदा बॅटरीवर आणि एकदा बल्बच्या पिनांवर. काकांच्या गाडीत बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि बल्बवर १२.४ आले. ऐकायला फरक छोटा वाटतो, पण हॅलोजन बल्बला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास घटतो. मल्टीमीटरच्या रीडिंगचा फोटो आणि गाडी सोसायटीच्या भिंतीपासून दहा पावलांवर उभी करून भिंतीवर पडलेल्या उजेडाचा फोटो, हे दोन काढाच.

आणि कृपा करून नाना पेठेत जाऊन १०० वॉटचे बल्ब टाकू नका. मूळ हॅलोजन ५५-६० वॉटचा असतो, वायरिंग आणि होल्डर तेवढ्याच हिशोबाने केलेले असतात, जास्त वॉटचा टाकला की होल्डर वितळतो, समोरच्याच्या डोळ्यात उजेड जातो, आणि कंपनी पहिलं वाक्य हेच बोलते की तुम्ही बाहेरचा बल्ब टाकला म्हणून झालं. टाकला असेल तर मूळ बल्ब परत बसवा, मगच तक्रार.

बाकी कागद सोपे, आरसी, चॅसिस नंबर पूर्ण १७ अक्षरांचा, इन्शुरन्स, खरेदीचं बिल आणि जॉब कार्डं स्कॅन करून एका फोल्डरमधे ठेवा. फक्त आरसीत दोन खड्डे आहेत. जुनी गाडी घेऊन नावावरच केलेली नसते, फॉर्म २९ आणि ३० सह्या होऊन कपाटात पडलेले असतात, तर आधी ट्रान्सफर उरका, आरसीवर नाव नाही तोवर मालक म्हणून तुम्ही कुठेच दिसत नाही. आणि वाहनच्या रेकॉर्डवर तुमचाच मोबाइल नंबर आहे का ते तपासा, गाडी घेताना शोरूमवाल्याने नाहीतर एजंटने स्वतःचा नंबर टाकलेला असतो, पोर्टलवर काहीही करायला गेलात की ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता.

आता मुदतीचा घोळ, यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. ‘सात वर्षं’ ऐकलं की लोक निवांत होतात. ती सात वर्षं फक्त रिकॉलची. तुम्हाला स्वतःच्या गाडीची दुरुस्ती, बदली किंवा भरपाई पाहिजे असेल तर रस्ता ग्राहक आयोगाचा आणि तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोनच वर्षं मिळतात. उशीर झाला तर सबळ कारण लेखी द्यावं लागतं आणि ते मान्य होईलच असं नाही. सर्व्हिस सेंटरवाले ‘पुढच्या सर्व्हिसला बघू’ म्हणत राहतात आणि ही दोन वर्षं त्यातच सरतात, मी हे होताना पाहिलंय आणि फार वाईट वाटतं.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बऱ्याचदा कंपनी तिथेच हलते. नाही हलली तर जिल्हा आयोग, गाडीला दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येतं, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, त्यापुढे ५० लाखांपर्यंत १,०००. ऑनलाइन दाखल करायचं ते ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर. तिथे गाडी लॅबकडे तपासायला पाठवायचं ठरलं तर तपासणीची फी आयोग आधी तुम्हाला भरायला सांगू शकतो, ते मनात धरून ठेवा.

आणि जुनी गाडी घेतलेल्यांनी हे आजच करा, कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या पानावर स्वतःचा चॅसिस नंबर टाका, सियाम या वाहन कंपन्यांच्या संघटनेच्या साइटवरही रिकॉल बघता येतात. कंपन्या स्वतःहूनही रिकॉल करतात, मारुती सुझुकीने सप्टेंबर २०२१ मधे १,८१,७५४ गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला बोलावल्या होत्या, पण असली पत्रं कंपनीकडे जो पत्ता असेल तिथे जातात. काकांच्या गाडीचा नंबर टाकला तर हेडलाइटचं काही नाही, पण ब्रेकच्या एका पार्टचा रिकॉल निघाला, दीड वर्षापूर्वीचा, पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं. पुढच्या सोमवारी तो पार्ट फुकट बदलून मिळाला, आणि त्याच दिवशी चौथ्या जॉब कार्डवर बल्बचे १२.४ व्होल्ट लिहून घेतले तेव्हा हेडलाइटच्या वायरिंगचा काळा पडलेला कपलरही (वायरी जोडणारा प्लग) त्यांनी काढून दाखवला.