अश्लीलतेच्या कलमापासून वयाच्या अटीपर्यंत : मुलांसाठीच्या इंटरनेट कायद्यांची पार्श्वभूमी

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी कंपन्यांनी पालकांची पडताळलेली संमती घ्यावी, मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवू नये, त्यांना हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे हा कायदा सांगतो. पुण्यात चार पालक एकत्र आले आणि मोबाइलचा विषय निघाला, की मागणी मात्र एकच असते : बंदी घाला. बंदीचा आपला अनुभव जुना आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा खटला पुण्यातच उभा राहिला.

‘रंभा’ मासिकाच्या १९६२च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. ती अश्लील असल्याची फिर्याद पुण्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे गेली. तिथे काकोडकर सुटले. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरून २५ रुपये दंड केला आणि त्यांच्याकडे असतील त्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली. लैंगिक विषयाचा नुसता उल्लेख आला म्हणून कादंबरी किशोरवयीनांसाठी अयोग्य ठरवली, तर त्यांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही, निव्वळ धार्मिक पुस्तकेच वाचावी लागतील, असे त्या निकालात म्हटले आहे. मुलांच्या नावाने मोठ्यांच्या वाचनाला कुंपण घालू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य वाचायला हवे.

खटला होता भारतीय दंड विधानाच्या कलम २९२खाली. शेजारचे कलम २९३ वीस वर्षांखालच्यांना अश्लील वस्तू विकण्याबद्दल जास्त शिक्षा सांगत असे. १९५६मध्ये संसदेने मुलांसाठी घातक प्रकाशनांविरुद्ध वेगळा कायदा केला. त्याचा रोख गुन्हे, हिंसा आणि बीभत्स प्रसंग रंगवणाऱ्या चित्रकथांवर होता. या सगळ्यांत कायद्याची नजर छापील मजकुरावर होती. तो वाचणाऱ्या मुलाचे काय होते, हा प्रश्न मागेच राहिला.

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला तेव्हा त्याच्या कलम ६७ने २९२चीच भाषा जवळपास जशीच्या तशी उचलली. कागदाच्या जागी संगणक आला, एवढाच फरक. त्याचा तोकडेपणा २००४मध्ये उघडा पडला. दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची मोबाइलवर टिपलेली चित्रफीत ‘बाझी डॉट कॉम’वर विक्रीला लागली आणि कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. देशभर चर्चा रंगली ती त्या अटकेवर. ज्यांची चित्रफीत हातोहात फिरत होती, त्या मुलांसाठी कायद्यात स्वतंत्र कलमच नव्हते, आणि त्याची फारशी खंतही कोणी केली नाही.

२००८ची दुरुस्ती या घटनेच्या सावलीत झाली आणि ऑक्टोबर २००९पासून लागू झाली. कलम ७९ने वेबसाइटसारख्या मध्यस्थांना आधीपेक्षा बरेच संरक्षण दिले. त्याच दुरुस्तीत कलम ६७ब आले. मुलांचे लैंगिक चित्रण करणे, ते पसरवणे, शोधणे, उतरवून घेणे, तसेच मुलांना ऑनलाइन फूस लावणे, हे सारे गुन्हे ठरले. माझ्या मते खरे वळण इथे आहे. मूल हे अत्याचाराचे बळी असू शकते, हे इंटरनेटच्या कायद्याने इथे प्रथम नीट मान्य केले. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने ते आणखी घट्ट केले. सप्टेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य जवळ बाळगणे आणि पाहणे यांबाबतची पळवाटही बंद केली.

पण त्याच २००८च्या दुरुस्तीत कलम ६६अ सुद्धा होते. ‘त्रासदायक’ मजकुराला तुरुंगवास सांगणारे हे कलम किती सैल आहे, ते महाराष्ट्राने नोव्हेंबर २०१२मध्ये पाहिले. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक तरुणी आणि त्याला लाइक करणारी तिची मैत्रीण, अशा दोघींना पालघरमध्ये अटक झाली. मार्च २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०२१च्या नियमांचेही असेच झाले. ओटीटीवर ७, १३ आणि १६ वर्षांची वर्गवारी आणि पालकांसाठी कुलूप ही त्यांतली तरतूद रास्त होती. मात्र डिजिटल माध्यमांना आचारसंहितेत बांधणाऱ्या भागाला मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१मध्ये स्थगिती दिली.

सुरुवातीला सांगितलेला डेटा संरक्षण कायदा २०२३चा; तो वेगळ्या बाजूने येतो. मजकूर दाखवणारी कंपनी मुलाबद्दल काय साठवते आणि त्यावर पैसे कसे कमावते, हे तो विचारतो. मुलांबाबतची बंधने मोडली तर दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मला ही दिशा योग्य वाटते. कंपन्यांना तयारीसाठी नियमांपासून अठरा महिने मिळाले आहेत, म्हणजे प्रत्यक्ष अंमल २०२७मध्ये.

अडचण वयाची आहे. अमेरिकेच्या १९९८च्या कायद्यात पालकांची संमती लागण्याची मर्यादा १३ आहे. युरोपात ती १६ असून सदस्य देश ती १३पर्यंत खाली आणू शकतात. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. आपल्याकडे सरळ १८. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८च्या अहवालात मान्य केले होते, की मुलाच्या स्वतंत्र वाढीचा विचार करता १८ ही मर्यादा जास्त वाटू शकते. तरी करार करण्याचे कायदेशीर वय तेच असल्याने समितीने ती ठेवली. परिणामी पहिलीतले मूल आणि फर्ग्युसनमध्ये बारावीला बसलेली सतरा वर्षांची मुलगी कायद्याला एकसारखीच दिसतात. तिला आरोग्याविषयी किंवा घरातल्या मारहाणीविषयी एखाद्या ॲपवर खाते उघडून मदत मागायची असेल, तर संमती देणारा पालक तोच असू शकतो, ज्याची तिला भीती वाटते. आरोग्यसेवा, शाळा आणि पाळणाघरांना नियमांनी काही सूट दिली आहे, पण ती त्या संस्थांच्या कामापुरती आहे.