विहीर, रांजण, पिंप: डासांच्या शहरी घरांची गोष्ट

मलेरिया दलदलीतल्या खराब हवेतून येतो, ही समजूत १८९७ मध्ये मोडली. त्या वर्षी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना अ‍ॅनोफिलिस डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. मुंबईतला गुन्हेगार मात्र दलदलीत नव्हताच. अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी या डासाला स्वच्छ, साठलेलं पाणी मानवतं. तो वाढत होता विहिरींत, टाक्यांत, कारंज्यांत. मुंबईतल्या मलेरियावरच्या १९११ च्या अहवालात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी विहिरींवर स्पष्ट बोट ठेवलं.

विहार तलावाचं पाणी शहरात १८६० पासून नळाने येत होतं, तरी जुन्या विहिरी होत्या तशाच होत्या. त्या बुजवायच्या म्हटल्यावर वाद पेटला. पारशांच्या अग्यारीतल्या विधींना विहिरीचं पाणी लागतं, हिंदू घरांतही पूजेला तेच हवं असे. शेवटी बऱ्याच विहिरी बुजल्या आणि काहींवर झाकण किंवा जाळी बसवून तडजोड झाली. चर्चगेटजवळचा १७२५ सालचा भिखा बेहराम कुवा ही विहीर आजही आहे.

विहिरी गेल्या, पण पाणी साठवण्याची गरज गेली नाही. नळ ठरावीक वेळेलाच येणार, म्हणजे टाकी, पिंप, हंडे आलेच. इथे दुसऱ्या डासाचं फावलं. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस इजिप्ती हा मूळचा आफ्रिकेतल्या जंगलातला, झाडांच्या ढोलीत अंडी घालणारा. त्याला माणसाचा रांजण ढोलीसारखाच वाटला असावा. तो दिवसा चावतो आणि अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेजवळ भांड्याच्या ओल्या भिंतीला चिकटवतो. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणून पिंप नुसतं रिकामं करून भागत नाही, ते आतून घासावं लागतं. 'आठवड्यातून एक कोरडा दिवस' सांगणारी पत्रकं नेमका हा घासण्याचा भाग अर्ध्या ओळीत उरकतात.

महाराष्ट्राने याचा फटका १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत अनुभवला. तिथे चिकुनगुनियाची मोठी साथ आली. त्यानंतर हा आजार देशातून जवळजवळ दिसेनासा झाला आणि तीसेक वर्षांनी, २००५-०६ मध्ये, पुन्हा उसळला. दरम्यान १९९६ मध्ये दिल्लीत डेंग्यूने चारशेहून अधिक बळी घेतले होते. तोवर कूलर, टायर, कुंडीखालच्या बशा या नव्या जागांची भर पडली होती.

मुंबईच्या विहिरींतला स्टीफेन्सीही स्वस्थ बसला नाही. २०१२ मध्ये तो आफ्रिकेत, जिबुती या बंदराच्या शहरात सापडला. आफ्रिकेतला मलेरिया मुख्यतः खेड्यापाड्यांतला, पण या डासाला शहरातली टाकी पुरते. त्या वर्षी जिबुती देशात मलेरियाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ७३ हजारांवर.