वॉस्प्सची दिवाळखोरी आणि कॉव्हेंट्रीच्या स्टेडियमची वीस वर्षे

17 ऑक्टोबर 2022 रोजी इंग्लंडमधील वॉस्प्स हा व्यावसायिक रग्बी क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत प्रशासकांच्या ताब्यात गेला आणि त्याच दिवशी खेळाडू, प्रशिक्षक व इतर कर्मचारी मिळून 167 जणांच्या नोकऱ्या गेल्या. 1867 मध्ये स्थापन झालेल्या या क्लबने सहा वेळा इंग्लंडचे आणि दोन वेळा युरोपचे विजेतेपद मिळवले होते. त्याच्या तीन आठवडे आधी वूस्टर वॉरियर्स हा क्लब याच मार्गाने गेला होता, आणि 2023 च्या जूनमध्ये लंडन आयरिशही लीगबाहेर पडला. तेरा संघांच्या सर्वोच्च लीगमधून वर्षभराच्या आत तीन संघ नाहीसे झाल्यामुळे खेळाडूंचे वाढते पगार, अपुरे उत्पन्न आणि धनवान मालकांच्या खिशावर चालणारा कारभार यांची बरीच चर्चा झाली आणि ती योग्यच होती. पण वॉस्प्सच्या बाबतीत तेवढ्याने उलगडा होत नाही. हा क्लब ज्या कर्जाखाली बुडाला ते एका स्टेडियमशी बांधलेले होते, आणि त्या स्टेडियमचा इतिहास वॉस्प्स तिथे येण्याच्या बऱ्याच आधी सुरू होतो.

वॉस्प्स मुळात लंडनचा. 1923 पासून शहराच्या वायव्येकडील सडबरी येथे त्याचे मैदान होते. 1995 मध्ये रग्बी युनियन, म्हणजे पंधरा-पंधरा खेळाडूंचा रग्बीचा प्रकार, अधिकृतपणे व्यावसायिक झाली आणि पुढच्याच वर्षी क्लब क्वीन्स पार्क रेंजर्स या फुटबॉल संघाच्या लॉफ्टस रोड स्टेडियमवर सामने खेळू लागला. दोन्ही संघांची मालकी एकाच कंपनीकडे होती. पुढे सडबरीचे मैदान विकले गेले आणि तिथे घरे उभी राहिली. 2002 मध्ये वॉस्प्सने लंडनबाहेर हाय विकम येथे, विकम वाँडरर्स या फुटबॉल संघाच्या ॲडम्स पार्क मैदानावर मुक्काम हलवला. मैदानावरचे सर्वांत मोठे यश याच काळातले आहे: 2003 ते 2005 अशी सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे, 2008 मध्ये आणखी एक, आणि 2004 व 2007 चा युरोपीय करंडक. एवढे यश मिळवणारा संघ दुसऱ्याच्या छोट्या मैदानावर भाडेकरू होता. तिकिटांखेरीजचे उत्पन्न, म्हणजे खाद्यपेये, जाहिराती, सभागृहांचे भाडे, त्याच्या हाती फारसे लागत नव्हते. 2012 मध्ये क्लब आर्थिकदृष्ट्या जेमतेम तगला आणि त्याच हंगामात एका गुणाच्या फरकाने पदावनतीतून, म्हणजे खालच्या श्रेणीत जाण्यापासून, वाचला. पुढच्या वर्षी डेरेक रिचर्डसन हे उद्योजक मालक झाले आणि स्वतःच्या स्टेडियमचा शोध सुरू झाला.

इंग्लंडच्या मध्य भागातील कॉव्हेंट्री शहरात त्या वेळी एक मोठे स्टेडियम अडचणीत होते. शहराच्या उत्तर भागात, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर, सुमारे 11 कोटी 30 लाख पौंड खर्चून बांधलेले आणि 32 हजारांहून अधिक आसनांचे रिको अरीना 2005 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले होते. ते उभारले गेले ते कॉव्हेंट्री सिटी या फुटबॉल क्लबसाठी. मात्र बांधकाम पूर्ण होण्याआधीच आर्थिक ओढाताणीमुळे क्लबने आपला अर्धा हिस्सा एका स्थानिक धर्मादाय संस्थेला विकला. त्यामुळे स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीत अर्धी मालकी महापालिकेची आणि अर्धी त्या संस्थेची झाली. 1899 पासूनचे हायफिल्ड रोडचे हक्काचे मैदान सोडून आलेला फुटबॉल क्लब आपल्यासाठी बांधलेल्या घरात वर्षाला सुमारे 12 लाख पौंड भाडे भरणारा बिऱ्हाडकरू झाला. माझ्या मते पुढच्या साऱ्या अनर्थाचे बीज या एका व्यवहारात आहे.

2007 च्या अखेरीस सिसू या गुंतवणूक कंपनीने फुटबॉल क्लब विकत घेतला. 2012 मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला, भाडे परवडेनासे झाले आणि क्लबने ते देणे थांबवले. 2013 च्या जानेवारीत महापालिकेने स्टेडियम कंपनीला 1 कोटी 44 लाख पौंडांचे कर्ज देऊन तिला सावरले. हे कर्ज बेकायदा सरकारी मदत असल्याचा दावा करत सिसू न्यायालयात गेली. 2014 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. दरम्यान 2013-14 चा पूर्ण हंगाम कॉव्हेंट्री सिटीने आपले ‘घरचे’ सामने सुमारे 55 किलोमीटर दूर नॉर्दम्प्टनच्या सिक्सफील्ड्स मैदानावर खेळले. प्रेक्षकसंख्या दोन हजारांच्या आसपास उतरली. अनेक समर्थकांनी मालकांना एक पैसाही द्यायचा नाही असे ठरवले. ते मैदानालगतच्या टेकडीवर थंडीवाऱ्यात उभे राहत आणि तिथून दिसेल तेवढा सामना पाहत. क्लबवरची निष्ठाही सोडायची नाही आणि गैरकारभाराला हातभारही लावायचा नाही, या दोन्ही गोष्टी त्यांनी त्या टेकडीवर उभे राहून पाळल्या, आणि त्याबद्दल त्यांचा आदर वाटल्यावाचून राहत नाही.

2014 च्या सप्टेंबरमध्ये फुटबॉल संघ परतला खरा, पण महिनाभरातच बातमी आली की महापालिका आपला हिस्सा वॉस्प्सला विकत आहे. त्यापाठोपाठ धर्मादाय संस्थेचा हिस्साही वॉस्प्सने घेतला. दोन्ही हिश्शांची किंमत मिळून 55 लाख 40 हजार पौंड होती. शिवाय जागेचा भाडेपट्टा 250 वर्षांपर्यंत वाढवण्यासाठी आणखी 10 लाख पौंड देण्यात आले. जमिनीची मूळ मालकी महापालिकेकडेच राहिली. 11 कोटींच्या वास्तूसाठी ही रक्कम फारच कमी वाटते, मात्र तिच्याबरोबर स्टेडियम कंपनीच्या डोक्यावरचे कर्जही आले होते. या व्यवहारात दोन समाजांवर अन्याय झाला असे मला वाटते. एक, लंडन व हाय विकमच्या जुन्या रग्बी समर्थकांवर, कारण त्यांचा क्लब लंडनपासून सुमारे 150 किलोमीटर दूर नेला गेला. दुसरा, खुद्द कॉव्हेंट्रीच्या रग्बीवर, कारण 1874 पासून शहरात खेळत आलेला आणि 1973 व 1974 मध्ये राष्ट्रीय करंडक जिंकणारा कॉव्हेंट्री रग्बी क्लब तिथे होताच.

सुरुवात मात्र दणक्यात झाली. 21 डिसेंबर 2014 च्या पहिल्या सामन्यात लंडन आयरिशविरुद्ध 28,254 प्रेक्षक आले. त्यानंतर, 2015 च्या मे महिन्यात, क्लबने तो निर्णय घेतला ज्यावर पुढे सगळे अडले. सर्वसामान्य गुंतवणूकदारांना सात वर्षे मुदतीचे, 6.5 टक्के व्याजाचे रोखे विकून 3 कोटी 50 लाख पौंड उभारण्यात आले आणि त्यांना तारण म्हणून स्टेडियम ठेवण्यात आले. महापालिकेचे कर्ज या पैशातून फेडले गेले. पण व्याजापोटीच वर्षाला सुमारे 22 लाख 75 हजार पौंड लागणार होते, म्हणजे ज्या भाड्याने फुटबॉल क्लबचे कंबरडे मोडले होते त्याच्या जवळपास दुप्पट. रग्बीचा संघ स्वतः तोट्यात असताना हा भार हॉटेल, प्रदर्शनाची सभागृहे, संगीताचे कार्यक्रम आणि फुटबॉल क्लबचे भाडे यांनी उचलावा, असे गणित होते. त्या गणितात मुद्दल फेडण्याची सोय कुठेच नव्हती. 2022 मध्ये जुने कर्ज नव्या कर्जाने फेडता येईल, हे गृहीतच धरले होते.

त्यातच सिसूचे खटले आणि युरोपीय आयोगाकडची तक्रार चालूच राहिली. हे वाद मिटल्याशिवाय भाडेकरार नाही, अशी भूमिका वॉस्प्सने घेतली, आणि 2019 ते 2021 अशी दोन वर्षे कॉव्हेंट्री सिटीला पुन्हा शहर सोडून बर्मिंगहॅमच्या सेंट अँड्र्यूज मैदानावर जावे लागले. म्हणजे मुख्य भाडेकरूच गेला. मग कोविड आला आणि ज्या हॉटेल-सभागृहांच्या भरवशावर रोख्यांचे व्याज निघायचे तीच बंद पडली. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये वॉस्प्सचा संघ राष्ट्रीय लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचून एक्सेटरकडून 19-13 असा हरला. कर्जाचा डोंगर वाढत असतानाही मैदानावरचा संघ चांगलाच होता, हे विसरून चालणार नाही.

2022 च्या मे महिन्यात रोख्यांची मुदत संपली आणि मुद्दल परत देता आले नाही. नव्या कर्जाच्या वाटाघाटी उन्हाळाभर चालल्या. त्याच उन्हाळ्यात हे स्टेडियम राष्ट्रकुल स्पर्धेसाठी वापरले गेले. सेव्हन्स रग्बीचे, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीचे, सगळे सामने तिथल्या हिरवळीवर आणि कुस्ती शेजारच्या बंदिस्त सभागृहात झाली. बजरंग पुनिया, साक्षी मलिक, विनेश फोगाट, रवी दहिया यांच्यासह भारताच्या बाराही मल्लांनी पदके मिळवली, त्यांत सहा सुवर्णपदके, ती याच वास्तूत. आपल्याकडे अनेकांनी कॉव्हेंट्रीचे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकले असेल. परंतु तीन दिवसांत झालेल्या रग्बीच्या साठहून अधिक सामन्यांनी हिरवळीची अशी चाळण झाली की कॉव्हेंट्री सिटीचे नव्या हंगामातील सुरुवातीचे घरचे सामने पुढे ढकलावे लागले. मैदानाची निगा वॉस्प्सच्या कंपनीकडे, वापर आयोजकांचा आणि भुर्दंड भाडेकरूला, असा हा प्रकार होता.

सप्टेंबरअखेर करखात्याची सुमारे 20 लाख पौंडांची थकबाकी वसुलीला आली आणि महिन्याभरात क्लब कोसळला. महिलांचा वॉस्प्स नेटबॉल संघही त्याबरोबर संपला. नोव्हेंबरमध्ये स्टेडियमची कंपनी प्रशासकांकडे गेली आणि माइक ॲशली यांच्या फ्रेझर्स या दुकानदारी उद्योगसमूहाने ती 1 कोटी 70 लाख पौंडांना घेतली. रोख्यांचे एकूण मुद्दल याच्या दुपटीहून जास्त होते, तेव्हा ज्यांनी आपली बचत त्यांत गुंतवली त्यांच्या वाट्याला काय आले असेल याचा अंदाज येतो. कॉव्हेंट्री सिटी विकत घेण्याच्या तयारीत असलेले डग किंग यांनी जास्त रक्कम देऊ केली होती, पण ती वेळेत पोहोचली नाही. डिसेंबरमध्ये नव्या मालकाने फुटबॉल क्लबला जागा सोडण्याची नोटीस दिली; शेवटी हंगामापुरता करार झाला आणि पुढे त्याची मुदत वाढली. 2025 च्या ऑगस्टमध्ये किंग यांच्या मालकीच्या कॉव्हेंट्री सिटीने हे स्टेडियम फ्रेझर्सकडून विकत घेतले. उद्घाटनाला वीस वर्षे झाल्यानंतर, ज्या क्लबसाठी ते बांधले गेले त्याच्याकडे ते पहिल्यांदा पूर्णपणे आले.

वॉस्प्सचे नाव आणि हक्क 2022 च्या अखेरीस एका गुंतवणूकदार गटाने घेतले. रग्बी महासंघाने आधी त्यांना दुसऱ्या श्रेणीत जागा देऊ केली, पण अटींची पूर्तता न झाल्याने 2023 च्या मे महिन्यात ती काढून घेतली आणि खेळायचेच असेल तर सर्वांत खालच्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागेल असे ठरवले. 2024 मध्ये लंडनच्या आग्नेयेस, केंट परगण्यातील स्वॉन्ली येथे नवे स्टेडियम उभारण्याचा मनसुबा क्लबच्या नव्या मालकांनी जाहीर केला.