लवचीक वर्गखोली

कामाप्रमाणे काही मिनिटांत मांडणी बदलता येते, अशी शाळेची खोली. गोव्यातील सरकारी मराठी प्राथमिक शाळांत तिची गरज पटामुळे, म्हणजे मुलांच्या संख्येमुळे, पडते. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत गावोगाव शाळा निघाल्या. आज त्यांतल्या अनेकांचा पट आटला आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (2009) प्राथमिक शाळेत 60 मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक असतात. दोनच असले, की पहिली ते चौथी त्यांच्यात वाटली जाते आणि एका खोलीत दोन इयत्ता बसतात.

सुरुवात सामान आणण्यापेक्षा काढण्यापासून करावी. मोडकी बाके निर्लेखन (सरकारी नोंदीतून रीतसर कमी करणे) होईपर्यंत खोलीतच पडून असतात. पैशांआधी अडते ते इथे. उरलेले बाक तिसरीतल्या दोन मुलांना उचलता येत नसेल, तर तेही बाहेर काढून चटया घालाव्यात. काथ्याच्या चटईला पावसाळ्यात बुरशी धरते, प्लास्टिकची पुसून वापरता येते.

फळे एकमेकांना लागून असलेल्या दोन भिंतींवर हवेत, म्हणजे शिक्षक कोपऱ्यात उभे राहून दोन्ही गट पाहू शकतात. मध्ये पडदा लावून उपयोग नसतो. आवाज अडत नाही, नजर मात्र अडते. मुलांना लिहिता यावे म्हणून फळ्याची खालची कड जमिनीपासून 30 सेंमीवर ठेवतात. पण चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतीत जोत्यातून ओल चढते ती नेमकी याच उंचीला, आणि भिंतीवर थेट लावलेल्या काळ्या रंगाचे जूनअखेर पोपडे निघतात. त्यापेक्षा 8 × 4 फुटांचा 12 मिमी जाडीचा जलरोधक प्लाय उभा चिरावा. त्यातून 8 × 2 फुटांचे दोन फळे होतात. ते लाकडी पट्ट्यांवर, मागे दोन सेंमी फट सोडून ठोकावेत आणि फळ्याच्या रंगाचे दोन हात द्यावेत. मागची बाजू आणि कडाही रंगवाव्यात. तिथूनच प्लाय फुगतो.

दार उघडते त्या चापावर जमिनीवर 30, 45, 60, 90 अंशांच्या रेषा आखल्या की कोनमापक तयार होतो. इमारतच शैक्षणिक साधन मानणाऱ्या ‘बाला’ पद्धतीतला हा एक स्वस्त प्रकार. मात्र पावसात फुगलेले दार घासून रेषा पुसते. आधी खालची कड रंधून घ्यावी.

साहित्यासाठी भाजीचे क्रेट आडवे रचतात, दोनच थर, एकमेकांना आणि भिंतीला बांधून. पुस्तके वरच्या थरात, चिंचोके आणि करवंट्या खाली. व्हरांडा ही आयती दुसरी खोली, पण वाऱ्याबरोबर झड आत येते, म्हणून जून ते सप्टेंबर ती धरून वेळापत्रक आखू नये.