जबाब लवकर घेतला म्हणजे खरा होतो का?

मुंबई-गोवा महामार्गावर रात्रीचा अपघात झाला की ठाण्यात तयार होणाऱ्या कागदांत एक वाक्य हमखास असते: ‘रात्री ०९.४५ वाजण्याच्या सुमारास’. सांगणाऱ्याने बहुधा असे काही सांगितलेले नसते. तो म्हणालेला असतो, वस्तीची एसटी येऊन गेली होती. किनाऱ्यावरचा माणूस म्हणतो, भरती लागली होती, होडी अजून वर ओढली नव्हती. जबाब लिहून घेणारा हवालदार मनाशी हिशेब करतो आणि आकडा घालतो. काही वर्षांनी रत्नागिरीच्या किंवा ओरोसच्या सत्र न्यायालयात आरोपीचा वकील नेमका तोच आकडा पकडतो. मग साक्षीत ते ठरलेले वाक्य उतरते: ‘मी पोलिसांना तसे सांगितले होते. माझ्या जबाबात ते का लिहिले नाही, याचे कारण मला सांगता येणार नाही.’

या वाक्यामागे दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. आपल्या कायद्याने सुरुवातीपासून संशय घेतला तो लिहिणाऱ्या पोलिसावर. सांगणाऱ्याची आठवण मुळात कशी काम करते, हा प्रश्न न्यायालयात फार उशिरा आला.

पोलिसांवरच्या संशयाला कारण होते. १८५५ साली मद्रास इलाख्यातल्या छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला आणि कबुलीजबाब कसे मिळवले जातात ते उघड झाले. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत पोलिसांपुढचा कबुलीजबाब बाद ठरला. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात तो नियम कलम २५ म्हणून स्थिरावला. साक्षीदारांच्या जबाबालाही हाच अविश्वास लागू झाला. १९७३ च्या संहितेतील कलम १६१ खाली (२०२४ पासून नव्या संहितेत कलम १८०) पोलीस जबाब घेऊ शकतात, पण कलम १६२ (आता १८१) म्हणते की त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही. सरकार पक्षाला तो पुरावा म्हणून वापरता येत नाही, साक्षीदाराला खोडून काढण्यासाठी मात्र वापरता येतो. फिर्यादीवर सही असते, साक्षीदाराच्या जबाबावर नसते. हा फरक गावाकडे फार थोड्यांना ठाऊक असतो. जबाबात न आलेली महत्त्वाची गोष्टही विसंगती ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ च्या तहसीलदार सिंग खटल्यात मान्य केले आणि १९७३ च्या संहितेत तसा खुलासाच जोडला गेला. थोडक्यात, ज्या कागदावर कायद्याचा भरवसा नाही, त्याच कागदाने साक्षीदाराला मोजायचे. हा तिढा मला अजूनही पटलेला नाही.

उशिराबद्दलही विचार तसाच झाला. १९७२ च्या थुलिया काली निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की फिर्यादीला उशीर झाला की हकिगतीला मीठमसाला लागतो. आपल्या राज्यातल्या गणेश भवन पटेल खटल्यात, १९७८ साली, न्यायालय थोडे पुढे गेले. प्रत्यक्षदर्शींचे जबाब घ्यायला काही तासांचा उशीर झाला एवढ्यानेच खटला पडत नाही. पण तपासी अंमलदार मुद्दाम वेळ काढत होता असे दिसले, तर तो उशीर जड जातो. दोन्ही ठिकाणी प्रश्न हेतूचा होता: मधल्या वेळात कोणी काही रचले का? मधल्या वेळात कोणी काहीच रचले नाही, तरी आठवण आपोआप बदलते, हा मुद्दा त्यात नव्हता.

मानसशास्त्रात तो आधीच मांडला गेला होता. जर्मनीत हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातले निम्म्याहून अधिक पहिल्या तासाभरात निसटते आणि पुढची घसरण संथ होते, असे त्यांना दिसले. १९०८ मध्ये अमेरिकेत ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी साक्षीदारांच्या चुकांवर पुस्तक लिहून वकिलांना डिवचले. पुरावा कायद्याचे गाढे अभ्यासक जॉन विगमोर यांनी पुढच्याच वर्षी एक काल्पनिक खटला रचून त्यांची रेवडी उडवली. त्या थट्टेनंतर दोन्ही विद्याशाखांचे बोलणे बराच काळ जवळपास बंद होते.

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फीत दाखवली. काहींना विचारले, गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना विचारले, एकमेकींवर ‘आदळून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली का? फितीत काच नव्हतीच. ‘चक्काचूर’ ऐकलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७. ठाण्यात हवालदार ‘ट्रक भरधाव होता ना?’ असे विचारतो तेव्हा तोही नकळत हाच प्रयोग करत असतो.

भीतीचा भाग यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. समोर कोयता किंवा पिस्तूल असले की नजर हत्यारावर खिळते आणि धरणाऱ्याचा चेहरा निसटतो. १९८७ साली डोळ्यांच्या हालचाली मोजून हे दाखवले गेले. २००४ मध्ये चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणकेंद्रातल्या पाचशेहून अधिक सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बनावट कैदेत त्यांची अर्ध्या तासाहून जास्त चौकशी झाली, एकदा दमदाटी व धक्काबुक्कीसह आणि एकदा तशी नाही. दुसऱ्या दिवशी समोर उभ्या केलेल्या माणसांतून दमदाटी करणारा ३० टक्क्यांनी बरोबर ओळखला, शांतपणे विचारणारा ६२ टक्क्यांनी. अर्धा तास समोरासमोर बसूनही ही गत. आपल्याकडची ओळख परेड आणखी उशिरा होते आणि आरोपी अनेकदा ओझरता पाहिलेला असतो.

पण ‘घाबरलेल्याचा जबाब कुचकामी’ असेही म्हणता येत नाही. कॅनडात भर रस्त्यात, अनेकांच्या देखत गोळीबार झाला होता. जॉन युइल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी त्यातल्या १३ साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी पुन्हा विचारले आणि १९८६ मध्ये निष्कर्ष छापले. बहुतेक तपशील बरोबर होते, दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांनाही ते फारसे बधले नाहीत. प्रयोगशाळेतला ताण आणि जिवावर बेतलेला प्रसंग एकाच मापाने मोजता येत नाहीत. साधारण दिसते ते असे: घटनेचा गाभा टिकतो, वेळ, अंतर, रंग, क्रम हे काठावरचे तपशील आधी जातात. खटल्यात उलटतपासणी नेमकी या काठावरच चालते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटीच्या दोन गाड्या आणि काही खासगी वाहने नदीत गेली. काळोख, पाऊस आणि पाण्याचा आवाज. अशा ठिकाणी उभ्या असलेल्या माणसाला पूल पडल्याचे जन्मभर विसरता येणार नाही. पण किती दिवे दिसेनासे झाले आणि त्यांत किती मिनिटांचे अंतर होते, हे विचारले तर तो अंदाजच सांगणार.

दुसरे टोक शेखाडीचे. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या या किनाऱ्यावर स्फोटके उतरवली गेली. मुंबईत स्फोट झाले १२ मार्चला, आणि त्यानंतर तपास किनाऱ्याकडे वळला. ती रात्र पाहिलेल्याला आता जी आठवायची होती, तिचे महत्त्व त्या वेळी त्याला ठाऊक नव्हते. मधल्या काळात वर्तमानपत्रे भरून वाहिली. मुंबईच्या विशेष न्यायालयात साक्षी १९९५ मध्ये सुरू झाल्या आणि निकाल लागला २००६ मध्ये. एवढ्या काळात आपण स्वतः पाहिलेले कोणते आणि ऐकलेले-वाचलेले कोणते, हे प्रामाणिक माणसालाही वेगळे काढता येत नाही.

त्यासाठी वर्षे लागतात असेही नाही. कोकणातली वाडी ठाण्यापासून, अगदी दूरक्षेत्रापासूनही (ठाण्याच्या हाताखालच्या चौकीपासूनही) लांब. पोलीस पाटलाने कळवायचे, गाडीने घाट किंवा खाडी ओलांडायची, तोवर दुकानासमोर घटनेची एक ‘एकमुखी’ हकिगत तयार झालेली असते. तिच्यात कट असतोच असे नाही. सगळ्यात ठासून बोलणाऱ्याचे पाहणे बाकीच्यांच्या तोंडी बसते. मग चार जबाब एकमेकांची नक्कल वाटतात आणि दोष लिहिणाऱ्यावर येतो. तो कधी खराही असतो. साक्षीदारांना लगेच वेगवेगळे बसवावे. त्यांना मध्ये न टोकता बोलू द्यावे, ही पद्धत रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन यांनी १९८० च्या दशकात बांधली. तिला खर्च जवळजवळ नाही, वेळ मात्र लागतो, आणि एका अंमलदाराच्या बीटात अनेक गावे असली की तोच नसतो.

पोलीसही साक्षीदार असतो. दमलेल्या पोलिसांना घटनेतले तपशील कमी आठवतात, हे लोर्ना होप यांनी २०१२ मध्ये कॅनडातल्या पोलिसांवर दाखवले. गोळीबारानंतर अधिकाऱ्याला एक-दोन झोपा घेऊ देऊन मग जबाब घ्यावा, असा सल्ला अमेरिकेत दिला जातो आणि त्यावर वादही आहे. विश्रांती मिळते, पण सहकाऱ्यांशी बोलायलाही वेळ मिळतो.

आपल्या न्यायालयांत स्मृतीबद्दल सरळ बोलणारा निकाल १९८३ चा, भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई खटल्यातला. साक्षीदाराची स्मृती छायाचित्रासारखी नसते. घटना त्याला अवचित गाठते. वेळ विचारली की माणूस त्या क्षणी अंदाज ठोकतो आणि वेळेचे भान माणसागणिक वेगळे असते. न्यायालयातल्या वातावरणाने खरा साक्षीदारही गांगरतो, असे त्यात सांगितले आहे. म्हणून किरकोळ विसंगतींना फार किंमत देऊ नये. हा निकाल आजही खटल्यांत पुन्हा पुन्हा आधाराला घेतला जातो. पण तो उपयोगी पडतो शेवटी, निकालाच्या टेबलावर. ठाण्यातला आकडा तोवर लिहून झालेला असतो.

जबाबाचे ध्वनि-चित्रमुद्रण करता येईल, अशी तरतूद ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झाली. १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६१ चे १८० झाले, १६२ चे १८१. झडती आणि जप्तीचे चित्रमुद्रण बंधनकारक झाले, साक्षीदाराच्या जबाबाचे मात्र ऐच्छिकच राहिले. मुद्रण झाले तर हवालदाराने कसे विचारले आणि साक्षीदार वस्तीच्या गाडीबद्दल काय म्हणाला, दोन्ही न्यायालयात ऐकता येईल.