'ऐकू येतं का' या रकान्यात खरं लिहा

नमस्कार. ज्यांची कुत्री आठ-दहा वर्षांच्या पुढे गेलीयत आणि जे त्यांना आमच्याकडे बोर्डिंगला किंवा आंघोळ-ग्रूमिंगला आणतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. फोनवर हे सारखं सांगावं लागतं, तेही घाईत अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा नीट कागदावर.

आमच्या फॉर्मवर एक रकाना आहे, 'ऐकू येतं का'. तिथे जवळजवळ सगळे 'हो' लिहितात. मग कुत्रं सोडून निघताना गेटपाशी हळूच सांगतात, "ताई, हल्ली जरा हट्टी झालाय हां, हाक मारली तरी येत नाही, मूड असेल तरच येतो." हे ऐकलं की मी तुम्हाला थांबवते, फॉर्म परत काढते आणि मग आपले दोघांचे चाळीस मिनिटं जातात, तुमची गाडी रस्त्यात उभी, मुलं आत कंटाळलेली, गावाला जायची घाई. कृपा करून ही वेळ येऊ देऊ नका.

मुद्दाम खोटं कोणी लिहीत नाही हे मला माहितीये. घरात खरंच कळत नाही. म्हातारपणी ऐकू येणं एका दिवसात जात नाही, आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात आणि मग हळूहळू बाकीचे. माणसाला साधारण 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45 हजारांच्या आसपास, आणि ही वरचीच बाजू पहिली झिजते. त्यामुळे किल्ल्यांची किणकिण किंवा बिस्किटाच्या पुड्याचा चुरचुर आवाज कळत नाही पण दार आपटलेलं कळतं. एका घरी तर बाबांच्या जाड आवाजाला यायचा आणि आईच्या हाकेला नाही, आणि त्या बिचाऱ्या सहा महिने समजत होत्या की मी लाड केले म्हणून मला जुमानत नाही. त्यात घरात दुसरं कुत्रं असलं तर मग विचारूच नका, बेल वाजली की ते धावतं आणि म्हातारं त्याच्या मागे धावतं, आपल्याला वाटतं दोघांना ऐकू आलं. कुकर उघडला की येतो तो वासाने येतो, तुम्ही उठलात की उठतो तो बघून उठतो.

घरी बघायचं असेल तर असं बघा. तो पाठमोरा निवांत बसलेला असताना त्याला दिसणार नाही अशा ठिकाणाहून, शक्यतो दुसऱ्या खोलीतून, एकदा किल्ल्या वाजवा, थोड्या वेळाने स्टीलच्या डब्यावर चमचा, मग जाड आवाजात हाक. पाय आपटू नका आणि जवळ जाऊन टाळी वाजवू नका, कारण हादरा आणि हवेचा झोत त्याला जाणवतो आणि तो वळला की आपण खूश होतो. कानाची टोकं हलतात का तेवढंच बघायचं. एकाच वेळी दहादा करू नका, ऐकू येणारं कुत्रंसुद्धा कंटाळून दुर्लक्ष करतं. आणि हाक मारल्यावर उठतो पण भलतीकडेच शोधत बसतो असं दिसलं तर एक कान गेलेला असू शकतो, कारण आवाज कुठून आला हे कळायला दोन्ही कान लागतात. डोक्याला बारीक इलेक्ट्रोड लावून करायची बेअर नावाची पक्की टेस्ट असते पण ती फार थोड्या ठिकाणी होते, रोजच्या जगण्याला घरची चाचणी पुरते.

आता आम्ही एवढं का धरून बसतो ते सांगते. काही वर्षांपूर्वी एक लॅब्राडॉर आला होता, बारा वर्षांचा, इतका गरीब की त्याच्या ताटातून मांजर खाऊन जायचं. फॉर्मवर 'ऐकू येतं, हो'. दुसऱ्या दिवशी दुपारी तो भिंतीकडे तोंड करून गाढ झोपला होता, आमचा मदतनीस पोरगा औषध द्यायला गेला, दोनदा हाक मारली आणि मग प्रेमाने पाठीवर हात ठेवला. क्षणात वळून चावला. शुद्धीवर आल्यासारखं त्याने बघितलं, हात चाटायला लागला, शेपूट पोटाखाली, थरथर कापत होता. पोराला तीन टाके पडले आणि लसीचे पाच डोस, 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, म्हणजे महिनाभर दवाखान्याच्या फेऱ्या. त्या लॅबची काहीच चूक नव्हती. झोपेत अचानक कोणी अंगाला हात लावला तर माणूससुद्धा हात झटकतो, आणि याला तर पावलंही ऐकू आली नव्हती. रकान्यात 'नाही' किंवा नुसतं 'शंका आहे' लिहिलं असतं तर हे टळलं असतं.

म्हणून आता आठ वर्षांपुढच्या प्रत्येक कुत्र्याची आधी एक तासाची भेट घेतो. तिचे 300 रुपये घेतो आणि बोर्डिंग बुक केलंत की बिलातून वजा करतो. काहींना हे पैसे काढायचे धंदे वाटतात, पण त्या तासात मी स्वतः फरशीवर बसलेली असते, दुसरं काही काम करत नाही. ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला कोपऱ्यातली खोली देतो, जिथून दार समोर दिसतं आणि मागून कोणी येऊ शकत नाही. मोकळ्या ग्रुपमध्ये सोडत नाही, कारण दुसरं कुत्रं गुरगुरून 'लांब हो' सांगतं ते याला ऐकू येत नाही, हा आपला वास घेत पुढे जातो आणि भांडण होतं. ग्रूमिंगला एक हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच्या अंगावर असतो, मशीन बदलतानासुद्धा उचलत नाही, म्हणून अर्धा तास जास्त लागतो आणि तेवढा चार्ज जास्त आहे. गुंगीचं औषध देऊन काम उरकणं आम्ही करत नाही.

घरी तुम्ही एकच गोष्ट करा, उठवायची पद्धत ठरवा. उघडा तळवा त्याच्या नाकासमोर चार बोटांवर धरा आणि थांबा. वास गेला की नाकपुड्या हलतात, डोळा उघडतो, मग खांद्यावर दोन बोटं, रोज त्याच जागी, आणि लगेच खाऊ. आधी जागा असताना शिकवा, खांद्याला बोट लागलं की खाऊ, दिवसातून आठ-दहा वेळा, मग डुलकीत, मग गाढ झोपेत. दोन-तीन आठवड्यांत खांद्याला हात म्हणजे चांगलंच काहीतरी हे त्याच्या डोक्यात बसतं. पाय आपटून उठवा असं बरेच जण सांगतात पण आपल्या स्लॅबवरच्या फरशीतून गाढ झोपेतल्याला उठवण्याइतका हादरा जात नाही, गादीवर किंवा लाकडी पलंगावर असेल तर कडेला थोपटलेलं पोचतं. घरातल्या लहान मुलांना आणि कामाच्या मावशींनाही हे दाखवा, आणि त्याचं अंथरूण पॅसेजमध्ये नको, भिंतीला लागून.

हाताच्या खुणा ऐकू येतंय तोवरच सुरू केल्या तर सोप्या जातात, 'ये', 'बस', 'थांब' आणि 'शाब्बास' या चार पुरतात. सगळ्यांनी एकच खूण वापरा एवढंच. आणि खाली उतरताना पट्टा कायम, सोसायटीच्या पार्किंगमध्येसुद्धा. रिव्हर्स येणारी गाडी त्याला कळत नाही आणि म्हातारी कुत्री सावलीला गाडीखालीच जाऊन झोपतात.

सगळंच वयावर ढकलू नका मात्र. पावसाळ्यात लांब लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना, कॉकर, लॅब वगैरे, आत ओल राहून इन्फेक्शन होतं, मळ साचतो आणि त्यानेही ऐकू कमी येतं, ते बरं होऊ शकतं. डोकं झटकतो, कान खाजवतो, वास येतो असं असेल तर आधी डॉक्टर. घरातलं तेल किंवा मागच्या वर्षीचे ड्रॉप्स घालू नका, पडदा फाटलेला असेल तर काही औषधांनी उरलंसुरलं ऐकू येणंही बंद होतं.

बहिरा आहे म्हणजे फटाक्यांचा त्रास नाही असं समजून दिवाळीत गच्चीवर नेणारे आहेत. सुतळी बॉम्बचा आणि विसर्जनाच्या ढोलाचा धक्का अंगाला बसतोच, जाड आवाज तर बऱ्याच कुत्र्यांना उशिरापर्यंत थोडेफार ऐकू येतात.

कोपऱ्यातल्या खोल्या आमच्याकडे दोनच आहेत आणि गणपती-दिवाळीला त्या लवकर भरतात, तेव्हा भेटीचा तास महिनाभर आधी घ्या. येताना त्याची रोजची गोधडी न धुता आणा आणि तुमचा एक वापरलेला टीशर्ट, नवीन जागी पहिल्या रात्री त्याला तुमचा वासच लागतो. गळ्यात घालायला 'मला ऐकू येत नाही' लिहिलेला कापडी पट्टा आमच्याकडे मिळतो, मागच्या बाजूला तुमचा नंबर शिवून देतो.