आखाजीचा झोका आणि गाडीची मागची चाकं

काळ्या जमिनीवरचा रस्ता वर्षभर एकसारखा राहत नाही. या मातीतली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, मे महिन्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरचं डांबर मग हळूहळू लाटांसारखं होतं. खड्डा लांबून दिसतो, लाट दिसत नाही. वेगातल्या गाडीला मात्र ती बरोबर कळते: आधी नाक वर-खाली होतं, मग शेपूट, आणि शेपूट थांबायच्या आत पुढची लाट हजर. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे पोलो जीटीआय, आय-ट्वेंटी एन लाइन, अबार्थ पुंटो किंवा ऑक्टाव्हिया व्हीआरएस यांसारखी वेगवान मोटार चालवणाऱ्याला मागचं सस्पेन्शन बदलावंसं वाटतं ते इथे. आणि पहिली चूकही इथेच होते. कडक, आखूड स्प्रिंग मागवली जाते.

ती चूक का, हे आकड्यांतून लगेच कळतं. गाडी १२०० किलोची धरू. इंजिन पुढे, त्यामुळे मागच्या चाकांवर सुमारे ३८ टक्के, म्हणजे ४५६ किलो. एका चाकाच्या वाट्याला २२८. त्यातून चाक, ब्रेक आणि टॉर्शन बीमचा (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या, पीळ खाणाऱ्या आडव्या तुळईचा) हिस्सा वजा केला की स्प्रिंगवर साधारण २०० किलो उरतात. चाकापाशी मोजलेला कडकपणा २० न्यूटन प्रति मिमी असेल, तर गाडीची मागची बाजू सेकंदाला १.६ वेळा डोलते. सूत्र शाळेतलंच: कडकपणा (न्यूटन प्रति मीटरमध्ये, म्हणजे २०,०००) भागिले वजन, त्याचं वर्गमूळ, भागिले ६.२८.

आता समजा रस्त्यावर दर १५ मीटरला एक लाट आहे. ताशी ८६ किमी वेगाला सेकंदाला बरोबर १.६ लाटा चाकाखाली येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका खेळणाऱ्या पोरींना हे कुणी शिकवावं लागत नाही: झोका परतताना नेमक्या क्षणी रेटा दिला की जोर न लावताही तो उंच जातो. रस्ता गाडीला तसाच रेटा देतो. आता कडकपणा ४० टक्क्यांनी वाढवून २८ केला, तर डोलणं सेकंदाला १.९ वेळा होतं आणि तोच झोका ८६ऐवजी १०१-१०२च्या वेगाला लागतो. दुखणं गेलं नाही, फक्त जास्त वेगावर सरकलं.

झोका थांबवणारा भाग वेगळा आहे. तो म्हणजे शॉकअप. स्प्रिंग ऊर्जा साठवून परत देते. शॉकअप ती तेलात घासून उष्णतेत बदलतो. डोलणं एकाही फेरीशिवाय थांबवायला जेवढं अवमंदन (डोलणं जिरवण्याची ताकद) लागेल ते १०० टक्के धरलं, तर साध्या मोटारी २५ ते ४० टक्क्यांवर चालतात. त्याहून जास्त केलं तर छोटा खडाही कमरेला कळतो. आपल्या गाडीचा शॉकअप ३० टक्के देतो असं धरा. स्प्रिंग २८ची बसवून शॉकअप जुनाच ठेवला तर प्रमाण २५ वर येतं. मागे तीन माणसं आणि डिकीत बॅगा, म्हणजे प्रत्येक चाकावर आणखी १०० किलो आले, की २१. फक्त स्प्रिंग बदलणाऱ्याला मिळते ती दणके जास्त देणारी आणि थांबण्याआधी जास्त फेऱ्या डोलणारी गाडी.

उंचीचा हिशोब याहून वाईट. १०० किलोंनी मूळची स्प्रिंग ४९ मिमी दबते, कडक स्प्रिंग ३५ मिमी. चाकाला वर यायला रिकाम्या गाडीत ८० मिमी जागा असेल तर भरलेल्या मूळ गाडीत ३१ उरते. कडक स्प्रिंगने गाडी ३० मिमी खाली आणली असेल तर ८०तून आधी ३० गेले, मग ३५ गेले, उरले १५. गावाच्या वेशीवरच्या कुठल्याही गतिरोधकापुढे १५ मिमी म्हणजे काहीच नाही. तिथून पुढे चाक बंपस्टॉपवर, म्हणजे त्याची वरची हद्द अडवणाऱ्या ठोकळ्यावर, आदळतं, आणि बंपस्टॉप ही अतिशय कडक स्प्रिंगच असते. सरळ रस्त्यावर नुसता दणका बसतो. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या औट्रम घाटात, वळणाच्या मध्यावर, बाहेरचं मागचं चाक बंपस्टॉपवर गेलं तर मागचा कडकपणा एका क्षणात अनेक पटींनी वाढतो आणि टायर पकड सोडतो. म्हणून स्पष्टच लिहितो: या भागात रोज चालणारी गाडी खाली आणू नये.

कॅटलॉग वाचताना आणखी एक गोम. तिथे छापलेला कडकपणा स्प्रिंगचा असतो, चाकाचा नव्हे. टॉर्शन बीमच्या गाडीत स्प्रिंग चाकाच्या थोडी पुढे असते, त्यामुळे चाक १० मिमी हललं तर स्प्रिंग समजा ८ मिमी हलते. ०.८चा वर्ग ०.६४. चाकापाशी २० हवे असतील तर स्प्रिंग ३१ची लागते. हा वर्ग विसरला की सगळी तुलना फसते. गाडीची मागची बाजू मुळात पुढच्यापेक्षा थोडी जलद डोलणारी का ठेवतात, तेही लक्षात असावं. लाट आधी पुढच्या चाकांना लागते, मागच्यांना २.५ मीटर अंतरामुळे ९०च्या वेगाला ०.१ सेकंद उशिरा. मागची बाजू थोडी जलद डोलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी झुल्यासारखी न होता सपाट वर-खाली होते. मॉरिस ओली यांनी जनरल मोटर्समध्ये १९३०च्या दशकात ही गोष्ट मांडली. फक्त मागची स्प्रिंग मन मानेल तशी कडक केली की हा मेळ बिघडतो.

स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर गल्लोगल्ली मिळतात. 'गाडी उचलली' असं वाटतंही. पण स्प्रिंगचा कडकपणा मोकळ्या वेढ्यांच्या संख्येवर उलटा अवलंबून असतो. सहापैकी एक वेढा बफरने जाम केला की कडकपणा २० टक्क्यांनी वाढतो, उरलेल्या पाच वेढ्यांना जास्त पीळ सोसावा लागतो आणि बफरच्या कडेला रंग घासून गंज धरतो. स्प्रिंग पुढे तुटते ती बऱ्याचदा तिथेच. वेढा कापणं हे त्याचंच भावंड. स्प्रिंग गॅसकटरने तापवून गाडी खाली बसवणं तर त्याहून वाईट, कारण पोलादाचं पाणीच उतरतं.

मग बदलायचं काय? क्रमाने सांगायचं तर आधी बुश (सांध्यांतली रबरी अस्तरं), मग शॉकअप, आणि तरीही गरज वाटली तरच स्प्रिंग. बीम ज्या दोन मोठ्या रबरी बुशांवर बॉडीला टांगलेला असतो ते फाटले असतील तर वेगात लेन बदलताना गाडी शेपूट हलवते. नवा महागडा शॉकअप त्यावर काहीच करू शकत नाही. बुश रबराचेच घ्यावेत. हा बुश फिरतो, तसाच पिळलाही जातो. पॉलियुरेथेनचा कडक बुश तिथे अडतो आणि आवाज थेट बॉडीत देतो.

शॉकअपमध्ये मोनोट्यूब प्रकार आपल्या हवेला जास्त मानवतो. भुसावळला पारा ४५च्या वर जातो, डांबर त्याहून कितीतरी तापतं, आणि सतत हादरणाऱ्या शॉकअपचं तेल स्वतःच्या कामानेही तापत असतं. तेल पातळ झालं की अवमंदन घटतं. त्यात हवेचे बुडबुडे मिसळून फेस झाला की आणखी घटतं. मोनोट्यूबमध्ये नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात, तरंगत्या पिस्टनपलीकडे, साधारण २० ते ३० बार दाबाने भरलेला असतो. तो फेस होऊ देत नाही आणि एकेरी नळीतून उष्णता थेट हवेत जाते. उणी बाजू अशी की बाहेरची नळी दगडाने चेपली तर पिस्टन तिथेच अडकतो. बिलस्टीनचा बी-६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असतो, बी-८ आखूड असतो आणि बुटक्या स्प्रिंगसाठी. मूळ स्प्रिंगला बी-८ लावला की चाक खाली लोंबताना शॉकअपच आधी संपतो. कोनीच्या पिवळ्या शॉकअपमध्ये फक्त परतीचा जोर बदलता येतो, दबण्याचा नाही. तो जास्त आवळला तर लागोपाठच्या लाटांवर गाडीला परत वर यायला वेळच मिळत नाही आणि ती पायरी-पायरीने खाली बसत जाते.

मागच्या अँटिरोल बारबद्दल, म्हणजे वळणात गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याबद्दल, थोडं जपूनच. भरीव दांड्याचा पिळाचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो: २० ऐवजी २२ मिमी म्हणजे फक्त दोन मिमी, पण कडकपणा ४६ टक्के जास्त. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणात नाक बाहेर टाकते. मागचा बार कडक केला की मागच्या बाहेरच्या टायरवर जास्त भार जातो, मागची पकड थोडी कमी होते आणि नाक आत वळतं. म्हणजे पुढची पकड वाढलेली नसते, मागची खर्च केलेली असते. ओल्या घाटात, ट्रकने सांडलेल्या डिझेलवर, वळणाच्या मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर याच खर्चाची वसुली होते आणि शेपूट पुढे यायला बघतं. टायर घासलेले असतील तर बार बदलूच नये.

बसवण्याचं काम टॉर्शन बीमच्या गाडीत अर्ध्या दिवसाचं आहे. बोल्टांवर गंजतेल आदल्या रात्री मारून ठेवावं. गाडी सपाट जागी, हवेचा दाब योग्य, डिकी रिकामी असताना चारही ठिकाणी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवावं. हा आकडा पुढे लागणार आहे. मागची चाकं उचलली की हँडब्रेकचा उपयोग नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. जॅक-स्टँड बॉडीच्या ठरलेल्या जागेखाली, बीमखाली नाही. बीमला जॅकचा आधार द्यावा, ब्रेकच्या होजची क्लिप आणि एबीएसची वायर मोकळी करावी, मगच दोन्ही बाजूंचे शॉकअपचे खालचे बोल्ट काढून बीम हळूहळू उतरवावा. होज ताणली गेली तर थांबायचं. स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असेल तर ती हाताने निघते. शॉकअपवरच चढवलेली असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय वरच्या नटाला हात लावू नये. दबलेली स्प्रिंग हाड मोडते.

नवा शॉकअप दुहेरी नळीचा असेल तर तो उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ओढून त्यातली हवा काढावी, नाहीतर पहिल्याच दिवशी खटखट येते. वरचा नट हवेच्या गनने आवळू नये: दांडा गरागरा फिरतो आणि आतलं सील जातं. दांडा षटकोनी कीने धरून साध्या पान्याने आवळावा, शेवट टॉर्क पान्याने, आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधला. स्प्रिंगचं टोक रबरी बैठकीच्या खोबणीला टेकलंय का ते पाहावं. अर्धा इंच फिरलेली स्प्रिंग गाडी एका बाजूला तिरकी ठेवते. बैठकीची रबरं नवी घ्यावीत.

आता सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट. रबरी बुशांतून जाणारे बोल्ट चाक लोंबत असताना पक्के आवळले जातात. बुशचं रबर दोन धातूच्या नळ्यांना चिकटलेलं असतं. लोंबत्या स्थितीत आवळलं की गाडी जमिनीवर येताच ते कायमचं पिळलेलं राहतं, उंची थोडी चुकते आणि बुश लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी हलके ठेवावेत, जॅकने बीम उचलून सुरुवातीला लिहिलेलं अंतर जुळवावं आणि तेव्हाच आवळावेत. जे बोल्ट आवळताना ताणले जातात ते कंपनी एकदाच वापरायला सांगते. तिथे काटकसर नको.

ऑक्टाव्हिया व्हीआरएसची मागची मल्टिलिंक (बीमऐवजी अनेक दांड्यांची जोडणी) वेगळी. तिथे उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा उभा तिरकेपणा) आणि टो (चाकाचं आत-बाहेर वळलेलं असणं) दोन्ही बदलतात, आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, जिकडे कुणी वाकून बघत नाही. काम झाल्यावर मागच्या चाकांचंही अलाइनमेंट करून घ्यावं. ज्या जुन्या गाड्यांत मागच्या बीमला जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह उंचीवरून भार ओळखतो, तिथे खाली आणलेली गाडी त्याला भरलेली वाटते आणि मागची चाकं आधी लॉक होतात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालत नाहीत; मूळ उंची आणि मूळ मापाचे भाग ठेवण्याचं हेही एक कारण.

काम जमलं का, ते मोबाइल सांगतो. कंपनमापक अॅप चालू करून फोन डिकीच्या तळाला, मागच्या चाकांच्या वर, चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एकाच गतिरोधकावरून ताशी २० ने, काम करण्याआधी आणि नंतर, गाडी न्यावी. आलेखातली बारीक थरथर सोडून मोठ्या लाटा बघाव्यात. अवमंदन ३० टक्के असेल तर दुसरं शिखर पहिल्याच्या सातव्या हिश्श्याएवढं येतं. ते निम्म्याएवढं आलं तर शॉकअप १० टक्क्यांवर आहे, म्हणजे संपलेला, मग त्यावर तेलाचा एक थेंबही दिसत नसला तरी.